बॅटरी बदलायच्या आधी वायर बघा

पाऊस ओसरला की कॅम्पिंग ट्रेलरवरची (गाडीमागे ओढायच्या फिरत्या घरावरची) ताडपत्री निघते आणि आमच्याकडे पत्रं सुरू होतात. या वेळी ठाणे आणि नवी मुंबईतल्या वाचकांचे प्रश्न एकत्र घेतलेत. तक्रारी दिसायला वेगवेगळ्या आहेत, कुणाचा फ्रीज, कुणाचा एसी, कुणाला झटका, पण वाचत गेलं की कळतं, बऱ्याच ठिकाणी वस्तू धडधाकट आहे, तिच्यापर्यंत वीजच नीट पोचत नाहीये. आणि लोक मात्र आधी वस्तू बदलतात, मग बॅटरी बदलतात, आणि पैसे संपल्यावर वायरकडे बघतात.

प्रश्न : दादा, आमच्या कॅम्पिंग ट्रेलरमध्ये 12 व्होल्टचा कॉम्प्रेसरवाला फ्रीज आहे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये चार्जर लावलेला असला की मस्त चालतो, बर्फसुद्धा होतो. भंडारदऱ्याला गेलो की रात्री दोन-अडीचला टूं टूं वाजून बंद. बॅटरी नवीन घेतली तरी तेच. मेकॅनिक म्हणतो कॉम्प्रेसर गेला, बदला. काय करू? (एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे)

कॉम्प्रेसर बदलू नका, निदान आत्ता तरी नको. जो कॉम्प्रेसर घरी बर्फ करतो तो भंडारदऱ्याच्या थंड हवेत जाऊन कसा खराब होईल, तिथे तर त्याला काम कमीच. तुमच्याच पत्रात उत्तर आहे बघा, घरी चार्जर लावलेला असतो. चार्जर चालू असताना बॅटरीच्या टर्मिनलवर 13.6 च्या आसपास व्होल्ट असतात, आणि जंगलात चार्जर नसताना लेड अॅसिड बॅटरी पूर्ण भरलेली असली तरी 12.6-12.7, अर्धी झाली की 12.2. म्हणजे घरी फ्रीजला दीड व्होल्ट जास्त मिळतायत आणि त्या दीड व्होल्टमध्ये वायरिंगचं सगळं पाप झाकलं जातंय.

आता हिशोब करू. बॅटरी बहुतेक पुढे हुकजवळच्या पेटीत असणार आणि फ्रीज मागच्या किचनमध्ये, म्हणजे वायर सहा-सात मीटर, आणि करंट जातो तसा परत पण येतो त्यामुळे चौदा मीटर धरायची. ट्रेलर बनवणाऱ्यांनी घरातल्या लाइटची 1.5 स्क्वेअर एमएम वायर टाकलेली असली (बरेच जण तीच टाकतात, कारण तीच हाताशी असते) तर तिचा रेझिस्टन्स साधारण 0.17 ओहम होतो. कॉम्प्रेसर चालू असताना 5 अँपिअर घेतो तेव्हा 0.85 व्होल्ट वायरमध्येच खलास, आणि सुरू होताना क्षणभर 10 घेतले तर 1.7 व्होल्ट. बॅटरीत 12.2 आहेत, फ्रीजपर्यंत पोचले 10.5, वर त्या सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये स्प्रिंग ढिली असेल तर अजून थोडे गेले. फ्रीज म्हणतो बॅटरी संपली, आणि स्वतःला बंद करून घेतो. तो बिघडलेला नाहीये, तो बॅटरी वाचवतोय, त्याला तसंच बनवलंय.

आधी फुकटातली गोष्ट करा. या फ्रीजना बॅटरी प्रोटेक्शनचं सेटिंग असतं, हाय, मीडियम, लो. हाय हे गाडीच्या स्टार्टिंग बॅटरीसाठी, तिथे फ्रीज 11 च्या आसपासच बंद होतो, म्हणजे सकाळी गाडी स्टार्ट व्हावी. तुमची बॅटरी वेगळी आहे म्हणून मीडियम ठेवा, आकडे कंपनीनुसार थोडे इकडेतिकडे असतात. मग मल्टीमीटर घ्या, साधा चालेल. एकाने बॅटरीच्या टर्मिनलवर मोजायचं आणि त्याच वेळी दुसऱ्याने फ्रीजच्या प्लगजवळ, आणि हे कॉम्प्रेसर सुरू असताना, बंद असताना मोजलं तर दोन्हीकडे सारखंच दिसेल आणि तुम्ही म्हणाल वायर ओके आहे. इथेच बहुतेक जण फसतात. लोडवर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक आला तर दोष वायरमध्ये किंवा जोडात आहे. मग फ्रीजला बॅटरीपासून वेगळी 6 स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर टाका, बॅटरीच्या अगदी जवळ 15 अँपिअरचा फ्यूज, थिंबल (वायरच्या टोकाला बसवायचं धातूचं टोपण) नीट दाबून क्रिंप केलेले, पिळून टेप गुंडाळलेले जोड नकोत. आणि ते लायटरचं सॉकेट काढून अँडरसन कनेक्टर (जास्त करंटसाठीचा घट्ट बसणारा जोड) लावा. 6 च्या वायरमध्ये तोच 10 अँपिअरचा झटका अर्ध्या व्होल्टच्या आत बसतो.

वायर बदलूनही पहाटेच बंद पडला तर बॅटरी घरून निघताना भरलेली होती का ते बघा. सगळं बंद करून दोन-तीन तास ठेवा आणि मग मोजा, 12.6 च्या खाली असेल तर तुमचा चार्जर ती पूर्ण भरतच नाहीये.

प्रश्न : पावसाळ्यात एका होमस्टेच्या अंगणात ट्रेलर लावला, त्यांच्या बाहेरच्या पॉइंटवरून एक्स्टेंशन घेतलं. अनवाणी दाराच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात. मिस्टर म्हणतात थोडंसं लीकेज असतंच, चप्पल घालत जा. मुलं लहान आहेत म्हणून विचारते. (एक वाचिका, नेरूळ)

ताई, चप्पल हा उपाय नाही. पुढच्या वेळी झिणझिणी आली की त्याच क्षणी मुख्य प्लग काढा आणि अर्थिंग तपासल्याशिवाय परत लावू नका, यात मी जराही सूट देणार नाही.

होतं काय तर गावाकडच्या, आणि खरं सांगायचं तर शहरातल्याही पुष्कळ बाहेरच्या सॉकेटला तिसरं भोक नुसतं नावाला असतं, मागे अर्थची वायरच नसते. लॅपटॉपचे, टीव्हीचे अॅडॉप्टर, बॅटरी चार्जर यांच्या आत फिल्टरचे कपॅसिटर असतात, त्यांतून चिमूटभर करंट बॉडीकडे येतो, अर्थ असली तर तो गुपचूप जमिनीत जातो आणि नसली तर ट्रेलरचा अख्खा सांगाडा 230 च्या निम्म्या, शंभर-सव्वाशे व्होल्टवर जाऊन बसतो, टायर रबराचे असल्याने त्याला जमिनीत जायला वाट नाही. वाट तुम्ही देता, ओल्या पायांनी. एवढंच असेल तर झिणझिण्यांवर भागतं, पण गिझरच्या एलिमेंटमधून किंवा सोललेल्या वायरमधून खरं लीकेज असेल तर सुरुवातीला तेही अगदी असंच जाणवू शकतं. हाताला दोन्हीतला फरक कळत नाही, म्हणून दोन्हीला सारखंच घाबरायचं.

इलेक्ट्रिशियनकडून दोन कामं करून घ्या. ट्रेलरमध्ये वीज जिथून आत येते तिथेच, सगळ्या एमसीबींच्या (जास्त करंट गेला की पडणाऱ्या स्विचच्या) आधी, 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे लीकेज झालं की वीज तोडणारा स्विच. आणि सोबत ठेवायला एक तांब्याचा मुलामा असलेला अर्थ रॉड, तो ओल्या मातीत ठोकून त्याची हिरवी वायर सांगाड्याला जोडायची. पण नुसता रॉड ठोकून निश्चिंत होऊ नका, हे मुद्दाम सांगतो कारण खूप जण एवढ्यावरच थांबतात. समजा रॉडचा रेझिस्टन्स 100 ओहम आला, तर फेज बॉडीला लागल्यावर जमिनीत जाणार फक्त 2.3 अँपिअर, त्याने 16 अँपिअरचा एमसीबी कधीच पडणार नाही आणि पत्रा तसाच जिवंत राहील. आरसीसीबी मात्र 30 मिलीअँपिअरलाच पडते. म्हणून दोन्ही हवेत. आरसीसीबीवर टेस्टचं बटण असतं ते प्रत्येक ट्रिपच्या आधी दाबायचं, पडली नाही तर निघायचं नाही.

आणि एक. काही वायरमन अर्थ नसली की सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थची तार जोडून देतात, "आता झटका नाही येणार" म्हणतात. हे कुणालाही करू देऊ नका. लाइनमध्ये कुठेही न्यूट्रल तुटला की त्या जोडणीतून पूर्ण 230 व्होल्ट तुमच्या दारावर येतात.

प्रश्न : आम्ही आरसीसीबी लावलीय, पण पावसात पडतच राहते. सगळे एमसीबी खाली केले तरी पडते, म्हणून वायरमन म्हणाला आरसीसीबीच खराब, बायपास करून दिली. (एक वाचक, ऐरोली)

बायपास आजच काढा. एमसीबी खाली करूनही पडते याचा अर्थ ती खराब आहेच असं नाही. तुमचे एमसीबी सिंगल पोल असणार, ते फक्त फेज तोडतात, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. आत कुठेतरी न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना टेकले असतील (ओला सॉकेट बॉक्स, स्क्रूखाली चिरडलेली वायर, जळलेलं गिझरचं एलिमेंट) तर एमसीबी वर असो की खाली, आरसीसीबी पडणारच. मुख्य पुरवठा काढून एकेका सर्किटचा न्यूट्रल सोडवा, ज्याला सोडवल्यावर पुरवठा परत दिला की ती टिकते तिथे दोष. मेगर (वायरचं इन्सुलेशन तपासायचं मीटर) असलेला माणूस मिळाला तर पंधरा मिनिटांचं काम आहे. माझा पहिला संशय गिझरवर आणि दुसरा बाहेरच्या सॉकेटवर, त्याच क्रमाने बघा.

प्रश्न : रिटायर झाल्यावर ट्रेलर घेतलाय. त्यात 150 अँपिअर अवरच्या दोन ट्युब्युलर बॅटऱ्या आहेत. एक टनाचा एसी रात्रभर चालेल असं विकणाऱ्याने सांगितलं होतं, तास-सव्वा तासात इन्व्हर्टर ओरडायला लागतो. बॅटऱ्या बोगस दिल्या का? (एक ज्येष्ठ वाचक, सीबीडी बेलापूर)

काका, बॅटऱ्या बोगस नसाव्यात, सांगितलेलं बोगस होतं. 150 गुणिले 12 म्हणजे 1800 वॉट अवर एका बॅटरीत, त्यातली निम्मीच वापरायची नाहीतर आयुष्य भराभर घटतं, म्हणजे दोन्ही मिळून 1800, त्यातले दहा-पंधरा टक्के इन्व्हर्टर खातो. एक टनाचा साधा एसी कॉम्प्रेसर चालू असताना हजार-अकराशे वॉट ओढतो. शिवाय 150 हा आकडा वीस तासांत सावकाश, म्हणजे 7.5 अँपिअरने वापरली तरचा आहे, एसीसाठी प्रत्येक बॅटरीतून पन्नासच्या आसपास जातायत आणि इतक्या जोरात काढलं की बॅटरी कमीच देते. म्हणजे तास-सव्वा तास हे बरोबरच आहे. एसी जिथे 16 अँपिअरचा पक्का पॉइंट आहे तिथेच चालवा, बाकी ठिकाणी कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा, तो 30 वॉटच्या आसपास घेतो, आठ तासांचे 240 वॉट अवर फक्त.

गावाकडच्या पॉइंटवर व्होल्टेज 170-180 वर आलं तर साधा एसी सुरू होताना नुसता गुंगुं करतो आणि अडकतो, तेव्हा परत परत चालू-बंद करू नका, कॉम्प्रेसर जळेल. कमी व्होल्टेजला तोडणारा आणि तीन मिनिटं थांबून परत जोडणारा प्रोटेक्टर मिळतो तो लावा. एक्स्टेंशनची रीळ एसीसाठी पूर्ण उलगडायची, गुंडाळलेल्या रिळीतली उष्णता बाहेर पडत नाही आणि वायर वितळते. आणि त्या ट्युब्युलर बॅटऱ्या पलंगाखाली आहेत का? चार्ज होताना त्यांतून हायड्रोजन निघतो, तर त्या बंद पेटीत ठेवून पेटीला बाहेर जाणारी नळी द्या. हे आधी करा, एसीचं नंतर.

प्रश्न : माळशेजला डिसेंबरात खूप थंडी वाजते. झोपताना गॅसची शेगडी बारीक ठेवून खिडकी थोडी उघडी ठेवली तर चालेल का? पोर्टेबल जनरेटर ट्रेलरच्या मागेच ठेवतो, तो चालेल का? (एक वाचक, कळवा)

नाही. दोन्हीला नाही.

ट्रेलरसारख्या छोट्या जागेत ज्योत जळत राहिली की हवेतला ऑक्सिजन कमी होतो, मग गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि झोपलेल्या माणसाला हे काहीच कळत नाही. बाथरूममधल्या गॅस गिझरमुळे माणसं गेल्याच्या बातम्या आपल्याकडे येतात, कारण बरेचदा हेच. किंचित उघड्या खिडकीच्या भरवशावर मुलांना झोपवू नका. जाड रजया घ्या, किंवा ज्याला जळायला लागणारी हवा बाहेरून येते आणि धूर बाहेरच जातो असा डिझेल हीटर बसवा. जनरेटर कमीतकमी वीस फूट लांब, वारा ट्रेलरकडून त्याच्याकडे जाईल अशा बाजूला, त्याचं धुराडं ट्रेलरकडे नाही. डोक्याच्या उंचीला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा, आणि एलपीजीचा अलार्म वेगळा, तो जमिनीलगत, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो. त्याच कारणाने सिलिंडरच्या पेटीच्या तळाला भोक असलंच पाहिजे, धूळ येते म्हणून ते बुजवलेले ट्रेलर मी पाहिलेत आणि प्रत्येक वेळी पोटात गोळा येतो.

प्रश्न : बाहेरून आणलेला जुना कॅराव्हॅन आहे, फ्रीज तीन प्रकारे चालतो, गॅस, 230 आणि 12 व्होल्ट. लोणावळ्याला जानेवारीत छान थंड होतो, केळव्याला मे महिन्यात पिशवीतलं दूध नासतं. गॅस संपत आला असेल का? (एक वाचक, वाशी)

गॅस संपला असता तर लोणावळ्यालाही थंड झाला नसता. हा अॅब्सॉर्प्शन फ्रीज आहे, यात कॉम्प्रेसर नाही, अमोनिया आणि पाणी उष्णतेने फिरतं, आणि मागची उष्णता बाहेर निघून गेली तरच आत गारवा. म्हणून याचं सगळं बाहेरच्या हवेवर अवलंबून. आतल्या पट्टीवर क्लायमेट क्लास लिहिलेला असतो, एसएन किंवा एन असेल तर तो 32 डिग्रीपर्यंतच्या हवेसाठी बनवलाय, टी असेल तर 43 पर्यंत. युरोपातून आलेला बहुतेक पहिल्या प्रकारचा निघेल आणि मेमधल्या पालघरच्या किनाऱ्यावर उन्हात उभ्या ट्रेलरमध्ये तो हात टेकेल, त्यात त्याची चूक नाही.

तरी बरंच सुधारता येतं. ट्रेलर सपाट उभा करा, लेव्हलची बाटली फ्रीजच्या आत ठेवून बघा, वाकडा असला की आतलं द्रव अडकतं आणि फ्रीज कायमचाही खराब होऊ शकतो. फ्रीजची बाजू सावलीकडे. बाहेरच्या दोन्ही जाळ्या उघडून बघा, गांधीलमाशीचं घर, कोळ्याची जाळी, पाला काय वाटेल ते निघतं. वरच्या जाळीमागे 12 व्होल्टचा कॉम्प्युटरचा छोटा पंखा लावून गरम हवा बाहेर ओढली तर फरक चांगला पडतो. ज्योत निळी हवी, पिवळी असेल तर बर्नर आणि जेट साफ करून घ्या, आणि फ्रीजवर गॅसचं प्रेशर काय लिहिलंय ते वाचा, आपला घरगुती रेग्युलेटर 30 मिलिबारचा असतो, त्यावर 50 लिहिलं असेल तर ज्योत कायम अशक्तच राहणार. निघायच्या आदल्या दिवशी घरी 230 वर लावून थंड करून ठेवा. 12 व्होल्टवर तो फक्त आहे तो गारवा टिकवतो, तेही गाडी चालू असताना, उभ्या गाडीत 12 वर ठेवलात तर दहा-पंधरा अँपिअरने बॅटरी रिकामी करेल.

मागच्या नळ्यांवर पिवळी पूड किंवा अमोनियाचा वास आला तर मात्र युनिट फुटलंय, मग खिडक्या उघडून बाहेर या आणि त्यावर खर्च करू नका.

प्रश्न : छतावर 200 वॉटचं सोलर आहे. ट्रेलर बिल्डिंगच्या बाजूला उभा असतो. बॅटरी महिनाभरात उतरते. (एक वाचिका, सीवूड्स)

बिल्डिंगची सावली. पॅनलच्या एका कोपऱ्यावर सावली आली तरी उत्पादन कोपऱ्यापुरतं नाही, खूपच जास्त घटतं, कारण आतले सेल एकामागोमाग जोडलेले असतात. उन्हातसुद्धा 200 चे 200 मिळत नाहीत, पॅनल तापलं की 25 डिग्रीच्या वर दर डिग्रीला 0.4 टक्क्याच्या आसपास कमी होत जातं. आणि उभ्या ट्रेलरमध्येही स्टिरिओ, अलार्म, इन्व्हर्टरचा स्टँडबाय असं काहीतरी सतत खात असतं, तर बॅटरीजवळ एक मुख्य स्विच बसवून सोलर कंट्रोलर सोडून बाकी सगळं तोडा. ट्रिपवर गाडीने चार्ज करत असाल आणि गाडी बीएस 6 असेल तर साधा रिले पुरत नाही, अशा बऱ्याच गाड्यांचा अल्टरनेटर (इंजिनवर वीज बनवणारा) स्वतःची बॅटरी भरली की व्होल्टेज उतरवतो, डीसी टू डीसी चार्जर (उतरलेलं व्होल्टेज वाढवून बॅटरी भरणारा) लागतो.

प्रश्न : उजवा इंडिकेटर दिला की ट्रेलरचे मागचे सगळे लाल दिवे लुकलुकतात. (एक वाचक, माजिवडा, ठाणे)

अर्थ. सात पिनच्या कनेक्टरमध्ये 3 नंबरची पिन, पांढरी वायर. ती सुटली की इंडिकेटरचा करंट परतीची वाट शोधत बाकीच्या बल्बमधून जातो. खाडीच्या हवेत पितळी पिना हिरव्या पडतात, घासून साफ करा, स्क्रू आवळा आणि त्याच वायरचं दुसरं टोक सांगाड्याला लावलंय तिथला रंग खरवडून परत जोडा. घोडबंदरला रात्री कंटेनर मागे असताना ब्रेकचा दिवा नीट लागणं फार गरजेचं आहे, हे शनिवारवर ढकलू नका.

प्रश्न : पाण्याचा पंप नळ बंद असताना पण दर थोड्या वेळाने कुर्र करतो, रात्री झोपमोड होते. (तेच वाचक)

नळ बंद असताना पंप वाजतो म्हणजे प्रेशर कुठेतरी उतरतंय. टॉयलेटचा व्हॉल्व्ह, शॉवरचा जोड, पंपानंतरची सगळी क्लिपं कोरड्या टिश्यूने पुसून बघा, ओलं लागलं की तिथे गळती. कुठेच ओलं नसेल तर पंपातला चेक व्हॉल्व्ह पाणी मागे टाकीत सोडतोय, आत वाळूचा कण अडकला असेल, उघडून धुवा. आणि पंप न थांबता चालतच राहत असेल तर उलटी बाजू, टाकीपासून पंपापर्यंतची नळी, ती हवा ओढतेय किंवा गाळणी तुंबलीय. तोवर झोपताना पंपाचा स्विच बंद करा.